माणसात आल्यावर

आई नरसोबाच्या वाडीला नवस बोलली होती. पोरगं माणसात येऊ दे, अभिषेक करीन आणि पाच माणसं जेवू घालीन. पोरगं, म्हणजे मी, चाळिशीला टेकलेलं. ते माणसात आलं, म्हणून दत्तजयंतीची गर्दी ओसरल्यावर मार्गशीर्षातल्याच एका सकाळी आम्ही मेहुण्याच्या गाडीतून वाडीला गेलो. शिरोळच्या बाजूला ऊसतोड जोरात होती. ट्रॉल्या रस्त्यावर पाचट सांडत चालल्या होत्या आणि लेक खिडकीतून त्या मोजत होती. अभिषेक झाला, प्रदक्षिणा झाल्या. आईनं घाटाच्या पायरीवर बसून नदीला हळदीकुंकू वाहिलं आणि पदरानं डोळे पुसले. कवठाची बर्फी घेतली. निघताना मेहुण्यानं सगळ्यांना पायऱ्यांवर ओळीनं उभं केलं, मोबाइल आडवा धरला आणि म्हणाला, "दाजी, हसा की जरा. एवढं दत्तमहाराजांनी केलं आणि तोंड बघा कसं केलंय."

मी प्रयत्न केला. गाल ताणले गेले एवढं कळलं, पुढे काही झालं नाही. गाडी जयसिंगपुरात पोचेपर्यंत फोटो घरच्या ग्रुपवर पडला होता आणि खाली हात जोडलेल्यांची रांग लागली होती. "अगदी पहिल्यासारखा दिसतोय," आत्यानं लिहिलं. मेहुण्याच्या मनात वाकडं काही नव्हतं. माझ्यासाठी रात्री-अपरात्री धावलेला माणूस तो. पण ते 'हसा की' माझ्या डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं की, ज्या दिवसांत माझं डोकं फिरलं होतं त्या दिवसांत मला हस म्हणून सांगायची वेळ कुणावर आली नव्हती. तेव्हा मी भरपूर हसत होतो.

काय झालं होतं हे सांगलीकराला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली. आमचं घर गावभागात. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली ती रंग देऊनही पावसाळी हवेत परत वर येते. सावरतोय तोवर २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. तेव्हापासून पाऊस लागला की अख्खं गाव इंजिनिअर होतं. चहाच्या गाड्यावर रामराम घालायच्या आधी 'आयर्विनला किती?' विचारतात. ४० फुटांना इशारा, ४५ला धोका, कोयनेतून किती क्युसेक सोडले, कर्नाटकातलं अलमट्टी धरण ५१९.६० मीटरला भरून ठेवलंय की खाली घेतलंय, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. त्यामुळे २०२२च्या पावसाळ्यात मीही एका वहीत आकडे उतरवून ठेवायला लागलो, तर त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात मी हिशेब बघतो. आकडे लिहिणं हा माझा धंदाच.

मग आकडे माझ्यासाठी यायला लागले. एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या कागदात, ३१ पोती, आणि त्याच संध्याकाळी पाणी ३१ फूट. हमाली-तोलाई वजा जाऊन राहिलेल्या रकमेचे शेवटचे दोन आकडे आणि दुसऱ्या दिवशीची पातळी. पहिल्यांदा गंमत वाटली, मग अंगावर काटा आला, मग खात्रीच पटली. मी जागा असलो की पाणी थांबतं, माझा डोळा लागला की चढतं. मग झोपणार कसा? अलमट्टीच्या दारांवर ड्युटीला असलेला कुणीतरी माणूस माझ्या सूचना पाळतोय आणि पुलावरून जाणारे स्कूटरवाले हॉर्न वाजवून मला पोच देतायत, हे मला दिसत होतं. 'वाटत होतं' असं आज लिहायला हवं, पण ते खरं नाही. दिसत होतं. भीती होती, पोटात गोळा येईल अशी. गाव बुडवायला टपलेली माणसं होती आणि त्यांत आमचा दूधवालाही सामील होता. पण त्या भीतीच्या मांडीला मांडी लावून दुसरं काहीतरी बसलेलं होतं, ज्याला मी आजही नाव देत नाही. दोन-अडीच लाख घरांचं ओझं एका माणसाच्या पापण्यांवर, आणि तो माणूस मी, अडतीवरचा कारकून.

आणि त्या वर्षी महापूर आला नाही.

हे बायकोला सांगून पटत नाही, डॉक्टरांना सांगितलं तर ते लिहून घेतात. पण विचार करा, मी जे करत होतो त्याला यश येत होतं. एका रात्री पाण्याचं माप हातानं घ्यायला म्हणून मी घाटावरून छातीइतक्या पाण्यात उतरलो. जाळं टाकायला आलेल्या एका माणसानं मला कॉलरला धरून वर ओढलं, दोन सणसणीत शिव्या दिल्या, आणि स्वतःची कोरडी बंडी माझ्या अंगावर टाकली. तिथून पुढचं घरच्यांना जास्त ठाऊक आहे. मिरजेतला एक दवाखाना, इंजेक्शनं, गाढ काळी झोप, कागदावर 'सायकोसिस', म्हणजे वास्तवाशी नातं तुटणं. त्या दिवसांबद्दल मला लिहिण्यासारखं फारसं काही नाही. ज्यांनी धरून ठेवलं, अंघोळ घातली, ती त्यांची गोष्ट आहे.

माझी गोष्ट त्यानंतर सुरू होते. गणपती होऊन गेले होते. घरी आलो होतो, गोळ्या चालू होत्या, आणि एका संध्याकाळी मोबाइलवर पाण्याची पातळी आली. मी आकडा वाचला. पुन्हा वाचला. तो नुसता आकडा होता. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या पट्टीवरून कुणीतरी वाचून पाठवलेला, माझ्याशी काहीएक संबंध नसलेला. पुढच्या तपासणीला हे सांगितल्यावर डॉक्टर खूश झाले. आजाराची जाण आली म्हणजे अर्धी लढाई जिंकली, असं ते बायकोला म्हणाले. बायको वऱ्हांड्यात येऊन रडली, आनंदानं. मी तिच्या शेजारी उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं की, रस्त्यावरचे हॉर्न आता कुणासाठीच वाजत नाहीयेत.

खाली जाणं एकदम झालं नाही. दसऱ्याच्या आसपास मला सकाळी उठून बसायलाच तासभर लागायला लागला. बाथरूममध्ये बादली भरून वाहायची आणि मी पाटावर बसून बघत राहायचो. पाणी वाया जातंय हे कळायचं, नळ हाताच्या अंतरावर असायचा, पण हात उचलायचं कारण सापडायचं नाही. दुकानात शेठनं समजूतदारपणे परत घेतलं होतं. टॅली उघडून बसलो की एक पट्टी करायला सकाळ जायची. जेवणाला चव नव्हती आणि भूक मात्र राक्षसासारखी, ती गोळ्यांची. पोट सुटलं. आई म्हणायची, अंग धरलंय पोरानं, छान झालं. लेक तोवर जवळ यायला लागली होती. आजारात ती मला घाबरायची, आता घाबरत नव्हती, आणि तिनं आणलेली चित्रं मी 'छान आहे' म्हणून न बघता बाजूला ठेवत होतो. तिलाही ते दोन-चार वेळात समजलं. मग ती चित्रं आजीला दाखवायला लागली.

गंमत अशी की, हे कुणाला आजार वाटत नव्हतं. आरडाओरडा नाही, रात्री बाहेर पळणं नाही, दूधवाल्याशी भांडण नाही. तपासणीला गेलो की प्रश्न ठरलेले: झोप लागते का, संशय येतो का, कानात आवाज येतात का, गोळी चुकवत नाही ना. उत्तरं बायको द्यायची, आणि सगळी उत्तरं बरोबर असायची. "आता काही त्रास नाही हो यांचा." यांचा त्रास नाही हे अगदी खरं होतं. यांना त्रास आहे का, हे विचारायला त्या रांगेत वेळ नव्हता. दोष देत नाही, बाहेर साठ माणसं बसलेली असायची. घरात अधूनमधून कानावर यायचं: आळस भरलाय, एवढं सगळ्यांनी केलं त्याची जाणीव नाही, मनावर घ्यायला पाहिजे. मनावर घ्या, हे मनाच्याच आजारात माणसाला किती वेळा ऐकावं लागतं याचा हिशेब एकदा अडतीवर लावला पाहिजे.

रात्री मोबाइलवर वाचत बसायची सवय मात्र सुटली नव्हती. आकड्यांऐवजी आता आजार वाचायचो. तेव्हा कळलं की माझं दुखणं काही नवं नाही. हायडेलबर्गच्या विल्हेल्म मायर-ग्रॉस या डॉक्टरनं १९२० सालीच यावर लिहून ठेवलंय. वेडाचा झटका ओसरल्यावर माणूस त्या झटक्याकडे कसा बघतो याचे त्यानं प्रकार पाडले, त्यातला एक सरळ निराशेचा. १९७६ साली मॅक्ग्लाशन आणि कार्पेंटर या दोन अमेरिकी डॉक्टरांनी तोवरचं सगळं एकत्र करून मांडलं. १९९२च्या आजारांच्या जागतिक यादीत, म्हणजे आयसीडी-१० मध्ये, स्किझोफ्रेनियानंतर वर्षभरात येणाऱ्या या नैराश्याला स्वतंत्र क्रमांकसुद्धा होता, एफ२०.४. नव्या यादीत तो काढून टाकलाय. माझा आजार नेमका त्या खान्यात बसतो की नाही हे डॉक्टरांनाही तेव्हा ठरवायचं नव्हतं, एकाच झटक्यावरून स्किझोफ्रेनिया म्हणू नये असं त्यांचं मत. पण क्रमांक बघून मला विचित्र हायसं वाटलं. आळसाला कुणी क्रमांक देत नाही.

त्याच वाचनात बर्मिंगहॅमच्या इक्बाल आणि बर्चवुड यांचा २००० सालचा अभ्यास सापडला. त्यांनी १०५ रुग्णांना झटक्यानंतर वर्षभर धरून ठेवलं होतं. ऐन झटक्यातही बहुतेकांना नैराश्य होतंच, ते झटक्याबरोबर ओसरलं. पण ३६ टक्के लोकांना ते नंतर आलं, भ्रम परत न येता, सगळं 'ठीक' असताना. आणि ज्यांना आलं त्यांना काय वाटत होतं? आपण काहीतरी गमावलं, आपली नाचक्की झाली, आणि यातून आता सुटका नाही. शिवाय त्यांना आजाराची जाण इतरांपेक्षा जास्त होती. हे वाचून मी मोबाइल उशाखाली ठेवला आणि अंधारात पडून राहिलो. म्हणजे डॉक्टरांनी जिच्याबद्दल बायकोचं अभिनंदन केलं होतं ती जाणच मला खात होती? जाण नसती तर मी गोळी घेतली नसती आणि परत त्या घाटावर गेलो असतो, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम खरं असलं की माणसानं कुठे बघायचं ते मला अजून उमगलेलं नाही.

नाचक्कीचं बोलायचं तर गावभागात ती लपत नाही. मी नियंत्रण कक्षाला फोन करायचो, दिवसातून कितीतरी वेळा, आणि तिथला माणूस पहिले काही दिवस मला कुणी पत्रकार समजून सभ्यपणे माहिती द्यायचा. त्याचा आवाज मला आजही आठवतो आणि कान तापतात. दूधवाल्याला मी चारचौघांत काय काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. लोकांना वाटतं, वेडातलं माणसाला काही आठवत नाही. मला सगळं आठवतं. दूधवाला रोज सहाला येतो, 'बरं हाय न्हवं?' विचारतो, आणि माप घालताना थोडं वर घालतो. ते वरचं दूध मला नको वाटायचं.

आपल्याकडे घरची माणसं असतात म्हणून असे रुग्ण लवकर सावरतात, असं डॉक्टर म्हणाले होते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६०च्या दशकाच्या शेवटी नऊ देशांत जो अभ्यास सुरू केला त्यात आपलं आग्रा होतं, आणि तिथले रुग्ण श्रीमंत देशांतल्यांपेक्षा बरे निघाले. असेल. माझ्यापुरतं सांगायचं तर घरचे नसते तर मी आज नदीच्या खालच्या अंगाला कुठेतरी सापडलो असतो. पण घर सांभाळतं तसं घर बघतही असतं. ज्यांनी मला भातात विष आहे म्हणून ताट भिरकावताना पाहिलं, त्यांच्याच समोर बसून रोज भात खायचा. कुणी काही बोलत नाही. मी घास थोडा जास्त वेळ हातात धरला तरी तिघींचे डोळे वर येतात.

दवाखान्याच्या बाकावर एक बाई भेटायच्या. तासगावकडच्या कुठल्याशा वाडीतल्या, डोईवर पदर, हातात पिशवी आणि पिशवीत फाइल, चाळिशीच्या आतबाहेर. आमचे तपासणीचे वार जुळायचे. तिथे कुणी कुणाला 'तुम्हाला काय झालं' असं विचारत नाही, पण त्यांनी विचारलं. मी लाजत लाजत नदीचं सांगितलं. त्यांनी अजिबात नवल केलं नाही. म्हणाल्या, "मी देवी हुते."

"अंगात यायचं का?" मी विचारलं.

"न्हाई वो. अंगात येनं येगळं, ते येतं आन जातं. मी हुतेच देवी." मग पिशवी मांडीवर नीट घेऊन सांगायला लागल्या. नवरात्रात सुरू झालं. भावकीतली माणसं पाया पडायला यायला लागली. ओटी भरायला लांबून बायका यायच्या. सासू, जी लग्नापासून कधी नीट बोलली नव्हती, तिनं पायावर डोकं ठेवलं. "केस मोकळं सोडून बसायची मी, कुनाची टाप न्हवती काय म्हनायची. मग चार-पाच महिन्यांनी जेवान बंद केलं, लेकराला जवळ घीना, तवा भाऊ हितं घिऊन आला." गोळ्या सुरू झाल्या, आणि उतरत उतरत एक दिवस त्या परत चुलीपुढे. "आता तीच सासू म्हनते, ताटं घासायची ऱ्हायलीत." असं म्हणून त्या मोठ्यानं हसल्या. बाकावरची माणसं वळून बघायला लागली. हसणं थांबल्यावर त्यांनी मला विचारलं, "तुमाला नदी गेल्याचं वाईट वाटतं का न्हाई?"

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. कारण उत्तर सांगण्यासारखं नव्हतं. ज्या भ्रमानं लेकीच्या मनात बापाची भीती घातली, बायकोचं मंगळसूत्र गहाण टाकायची वेळ आणली, तो गेला म्हणून वाईट वाटतं असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? पण वाटत होतं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची पोती मोजली. एकाच पावसाळ्यात माझ्या मोजण्याला अर्थ होता. तो अर्थ खोटा होता हे कळलं, पण त्यामुळे आधीचं आयुष्य काही खरं होऊन परत आलं नाही. मी त्यांना 'हो' म्हटलं. त्या म्हणाल्या, "मला बी." तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

त्याच सुमाराला एकदा मी बायकोला म्हणालो की, सगळ्यांनी एवढा खर्च करून मला परत आणलं खरं, पण आणायला नको होतं. साध्या आवाजात म्हणालो, कांद्याचे भाव सांगावेत तसं. तिनं हातातलं काम ठेवलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यायचं मनात येतं का?" हा शब्द असा उघड विचारल्यानं मला रडू फुटलं, कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा. येतं, म्हटलं. तिनं आरडाओरडा केला नाही, देवाची शपथ घातली नाही. गोळ्यांचा डबा स्वतःच्या कपाटात ठेवला, मेहुण्याला रात्री झोपायला बोलावलं, आणि नवीनच सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, १४४१६ वर, फोन लावला. मराठीत बोलणारी एक मुलगी होती. तिनं आधी माझ्याशी आणि मग बायकोशी बोलून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगितलं. डॉक्टरांनी या वेळी बायकोला बाहेर बसवलं. झटक्यातून बरं झाल्यावरचे पहिले काही महिनेच या बाबतीत जास्त जपायचे असतात, हे त्यांनीच सांगितलं. आधी सांगायला हवं होतं, असं मी मनात म्हटलं.

मग त्यांनी जे केलं ते मला आवडलं. मला केबिनमध्ये भिंतीपासून दारापर्यंत चालायला लावलं आणि चालताना माझे हात हलतात का ते बघितलं. हलत नव्हते. दोन्ही हात अंगाला चिकटून. मनगट धरून हळूहळू फिरवलं, कोपरापाशी बोट ठेवून. भ्रमावरच्या रिस्पेरिडोनसारख्या गोळीनं शरीर असं आखडतं, चेहरा गोठतो, आणि तो माणूस उदास नसला तरी उदास दिसतो. दुसरीकडे आजारच माणसाची हौस, इच्छा घेऊन जातो, तो वेगळा प्रकार. आणि तिसरं हे नैराश्य. तिन्ही बाहेरून एकसारखी दिसतात. त्यांनी विचारलं, "आत रिकामं वाटतं की जड?" जड, म्हटलं. "स्वतःचा राग येतो?" येतो. त्यांनी गोळीचा डोस उतरवला, हात सुटतात का ते थोडे दिवस पाहिलं, मग नैराश्यावरचं सर्ट्रालिन सुरू केलं. तेही भीत भीत, कारण माझं ते न झोपता भारलेलं राहणं बायपोलरचं, म्हणजे कधी अति उत्साह तर कधी निराशा अशा आजाराचं, असलं तर या गोळीनं मी परत वर उडू शकतो. बायकोला सांगून ठेवलं: झोप कमी झाली आणि उत्साह वाढला तर त्याच दिवशी फोन करा. म्हणजे मी आनंदी दिसलो तर घाबरायचं. मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प बसला. त्यानंतर तो मला कधी हस म्हणाला नाही.

हात आधी सुटले. हे इतकं शारीरिक असतं याची मला कल्पना नव्हती. एक दिवस यार्डातून चालत येताना उजवा हात आपोआप मागेपुढे होतोय हे मी बघितलं आणि थोडा वेळ मुद्दाम तसाच चाललो. मन मागून आलं, रखडत, दोन पावलं पुढे आणि एक मागे. नव्या हळदीची आवक सुरू झाली, सौदे निघाले, दुकानात ढीग लागले, आणि सगळ्यांच्या कपड्यांना, कानांच्या पाळ्यांना तो पिवळा भुगा बसायला लागला. शेठनं एका संध्याकाळी मला विचारलं, "राजापुरीचा हा लॉट बघा, भुंगा लागलाय का?" मी एक हळकुंड मोडून नाकाशी नेलं. वास आला. कडवट, मातीचा, थोडा कापरासारखा. कितीतरी महिन्यांनी काहीतरी माझ्या आत शिरलं होतं, म्हणून मी आणखी एक मोडलं. शेठ म्हणाले, "अहो, विकायचंय ते." भुंगा नव्हता.

मी बरा आहे का? गोळ्या चालू आहेत. काही आठवडे चांगले जातात, काहींत परत बादली भरून वाहते. लेक चित्र घेऊन आली की मी आता त्यातलं एक काहीतरी विचारतो, या झाडाला एवढी मुळं का, असं काही. आई गाणगापूरला जाऊन यायचं म्हणते, कारण वाडीच्या नवसात काहीतरी राहून गेलं असावं अशी तिला शंका आहे. मी नाही म्हणत नाही. दूधवाल्याकडून वरचं दूध घेतो. पावसाळ्यात बायको पातळीचे ग्रुप माझ्या मोबाइलवर बंद करून ठेवते, आणि चहाच्या गाड्यावर कुणीतरी 'आयर्विनला किती?' विचारलं की मी कप घेऊन दोन पावलं बाजूला होतो. कधीकधी होत नाही. ऐकतो.

परवा त्या बाई परत भेटल्या. वजन वाढलं होतं, चेहरा बरा वाटत होता. बसल्या बसल्या म्हणाल्या, "एक इचारू का? गोळी सोडली तर ती परत येईल का वो?"

"कोण?"

"देवीच की."

मी म्हटलं, येईलही, पण लेकरू परत लांब जाईल. जेवण सुटेल. डॉक्टरांना विचारून बघा. "त्यास्नी काय इचारायचं," त्या म्हणाल्या, "गोळी घे म्हननार."

"मग घ्या."

"घेते की. एक दिस बी चुकवली न्हाई." थोडं थांबून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आन तुमची नदी? तिचं कोन बघतं आता?"

"पाटबंधारेवाल्यांकडं दिलीय," मी म्हणालो.

"बघत्यात का नीट?"

"कुठलं हो. पण पगार ते घेतात."

त्यावर त्या अशा हसल्या की आतून नर्स बाहेर आली आणि आमच्या दोघांच्याही फाइली मागून गेली.